सोवळी वीज

गिरिजाबाईंच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मालोजीराव त्या बंद दारापुढे उभे होते. म्हैसूरच्या घोडदळातले जमादार, ताडमाड उंची, मिशा अशा की रस्त्यातली पोरं आपसूक बाजूला होत. पण एका पितळी कुलपापुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

"अण्णा, मी नाही घेतली," दाराआडून बहीण म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "तुमचा तरी विश्वास आहे ना?"

"आहे गं," मालोजीराव म्हणाले. विश्वास होताच. पण देवीची पुतळ्यांची माळ तिच्याच ट्रंकेत, तिच्याच लुगड्याच्या घडीत सापडली होती, हेही खरं होतं.

दुपारी निरोप येताच ते आपले मित्र मनोहरराव यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आले होते. मनोहरराव रंगाऱ्यांच्या घराण्यातले. वाडवडिलांनी सरदारांची पागोटी रंगवण्यात जन्म घालवला. यांनी तो धंदा सोडून लोकांच्या भानगडी निस्तरायचा धंदा धरला. अंगानं काटकुळे, बोलायला कंजूष, आणि समोरचा बोलत असताना भलतीकडे बघायची वाईट खोड. आताही बंद दार सोडून ते भिंतीवरच्या लाकडी पट्टीकडे बघत होते. त्या पट्टीतून विजेची तार गेलेली होती.

"इथं माझी बहीण कोंडलीय आणि तुम्ही भिंती काय बघताय?"

"तारा बघतोय," मनोहरराव म्हणाले. "स्वयंपाकघराकडून येतात आणि घरभर फिरतात. चला, विहीणबाईंना भेटू."

म्हैसुरात वीज आली त्या सुरुवातीच्या वर्षांतच या घरानं ती घेतली होती. गिरिजाबाईंचे सासरे हौशी. पुढे ते गेले, मागोमाग थोरला मुलगाही गेला आणि गिरिजाबाई लहानग्या पुष्पीला घेऊन या घरात राहिल्या. बंगळुरात शिक्षिका व्हायचं शिक्षण मिळतं, तिथं राहायचीही सोय होते, हे कळल्यापासून त्यांनी सासूबाईंची मनधरणी चालवली होती. यंदा पाडव्याला कुठे होकार मिळाला. उद्या सकाळच्या गाडीनं मायलेकी निघायच्या होत्या. ट्रंक भरून तयार होती, आणि नेमकी त्याच ट्रंकेत माळ निघाली.

सासूबाई नर्मदाबाई माजघरात पाटावर बसल्या होत्या, नात मांडीशी घट्ट धरून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण पाठ ताठ होती.

"पोलिसांत देणार नाही मी, मालोजीराव. घराण्याची अब्रू आहे. पण तिनं आता हा उंबरा ओलांडायचा नाही, जन्मात नाही. नाहीतर तुम्ही तिला कायमची माहेरी न्या. पोर मात्र इथंच राहील. दिवेलागणीपर्यंत काय ते सांगा. साकु!" त्या कानडीत म्हणाल्या. "पुरे झालं मला."

मालोजीरावांनी मनाशी हिशेब केला. लेकीवाचून गिरिजा राहणार नाही, म्हणजे ती या घराबाहेर पडणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मनोहररावांनी काय घडलं ते विचारलं. नर्मदाबाईंनी सांगितलं ते असं. आज शुक्रवार. शुक्रवारी देवीला माळ घालायची. देवघराला खिडकी नाही, विजेचा दिवा लावूनच सगळं करावं लागतं. त्यांनी पेटी उघडून माळ ताटात काढली आणि दिवा गेला. आधीच दिसायची मारामार, त्यात काळोख. भिंत चाचपत त्या माजघरात आल्या, तिथून ओसरीकडे, विजेची पेटी बदलायला आलेल्या वायरमनला रागवायला गेल्या. तो पुन्हा जाऊन काहीतरी करून आला, दिवा लागला, आणि त्या देवघरात येऊन बघतात तो ताट रिकामं.

"मग ट्रंका कुणी बघायला सांगितल्या?"

"शिवाजीनं. माझ्या धाकट्यानं. म्हणाला, सगळ्यांच्या बघा, माझ्यापासून सुरू करा."

"आणि गिरिजाबाई काय म्हणतात?"

"तीच तर गोष्ट आहे. म्हणते, मी स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत तांदूळ निवडत होते, दिव्याखाली, आणि दिवा गेलाच नाही. माझ्या देवघरात काळोख आणि चार पावलांवरच्या कोठीत उजेड? खालचा करंट बंद होता, वायरमननं स्वतः सांगितलं. चोरी केली नाही तर खोटं कशाला बोलायचं? अल्लवा? खरं की नाही?"

मालोजीरावांची मान खाली गेली. ट्रंकेचं एक वेळ समजू शकतं, कुणीही टाकेल. पण हा खोटेपणा तिच्याच तोंडचा होता.

मनोहरराव मात्र विजेच्या नव्या पेटीविषयी विचारत बसले. एवढी वर्षं जुनी पेटी चालली, मग आत्ताच का बदलायला काढली?

"तो पंखा आला आणि सगळं बिघडलं," नर्मदाबाई म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात शिवाजीनं वर पंखा लावून घेतला. तेव्हापासून देवीचा दिवा मधूनमधून जातो. देवीला तो पंखा मानवला नाही. शिवाजी म्हणाला, तसं काही नाही, पेटी जुनी झालीय. बदला म्हटलं."

"या घरात मटण शिजतं ना?"

असा प्रश्न कुणी मध्येच विचारतं का? पण नर्मदाबाईंना त्याचा राग आला नाही. उलट त्या खुलल्या.

"शिजणारच. शिलेदारांचं घर आहे. पण देवघराला त्याचा वारा लागत नाही. पाण्याची घागर वेगळी, विस्तव वेगळा. वीज आली तेव्हासुद्धा मी यजमानांना सांगितलं, मटणाच्या चुलीवरून आलेली वीज मला देवीपुढे चालायची नाही. तारा ओढणारा हसला. यजमान हसले नाहीत. त्यांनी करून दिलं."

"कसं करून दिलं?"

"ते मला काय माहीत? पुरुषांची कामं ती."

मालोजीरावांना एवढ्या दुःखातही मिशीतल्या मिशीत हसू आलं. सोवळी वीज! मनोहरराव हसले नाहीत. ते उठून देवघराच्या उंबऱ्याशी गेले आणि आत न जाता मान वर करून बघत राहिले. मालोजीरावांनीही पाहिलं. देवीच्या डोक्यावर एक दिवा होता, त्याची पट्टी सरळ छताकडे गेली होती. त्यात बघण्यासारखं काय होतं ते त्यांना कळलं नाही.

परत येऊन मनोहररावांनी एकच विचारलं. गिरिजाबाई बंगळुरास गेल्या असत्या तर या घरात कोण राहिलं असतं?

"शिवाजी. मी पाडव्यालाच सांगितलं दोघांना. मी म्हातारी, आंधळी होत चाललेली. दोघांपैकी एकानं इथं राहायचं. एक गेला की दुसऱ्यानं जायचं नाव काढायचं नाही. गिरिजेनं आधी विचारलं, तिला हो म्हटलं. शिवाजी काही बोलला नाही. गुणी आहे पोर."

वायरमन सत्यनारायण ओसरीवर आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसला होता. त्यालाही घराबाहेर सोडलेलं नव्हतं आणि तो घामाघूम झाला होता. कन्नडमध्ये त्यानं आपली कैफियत मांडली. जुन्या लाकडी पेटीत चिनी मातीचे दोनच फ्यूज. नव्या पेटीत सहा बसायचे: स्वयंपाकघर वेगळं, माजघर वेगळं, पंखा वेगळा, असं करून. पण वाटणी करायची तर आधी कुठला दिवा कुठल्या फ्यूजवर आहे ते कळायला हवं. जुन्या घरात ज्याला जसं सुचलं तशी तार ओढलेली असते. त्यावर उपाय एकच, एक फ्यूज काढायचा, घरभर फिरायचं, काय काय विझलं ते बघायचं.

दोन फ्यूज म्हणजे एक वरचा मजला आणि एक खालचा, हे धरूनच तो चालला होता. सकाळीच त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज खालचे दिवे जातील-येतील, वरचा पंखा मात्र संध्याकाळपर्यंत चालू राहील. दुपारी त्यानं डावा फ्यूज काढून खिशात टाकला.

"आणि मग घरभर फिरलास?"

फिरायला निघाला होता. बोळातूनच देवघर काळं दिसलं, तेव्हा डावा फ्यूज खालचा हे ठरलं. तेवढ्यात आजीबाई ओरडत आल्या, म्हणून त्यानं परत जाऊन फ्यूज बसवला.

"कोठीतला दिवा पाहिला नाहीस?"

सत्यनारायणानं कानाला हात लावला. तो सोवळंओवळं पाळणारा ब्राह्मण. मटण शिजतं त्या बाजूला पाय कसा ठेवणार? तिथलं काय ते बाहेरून हाक मारून विचारणार होता. तेवढा वेळ मिळालाच नाही.

मनोहरराव त्याच्या खांद्यावर थोपटून जिन्याकडे वळले. मागचा जिना गिरिजाबाईंच्या खोलीला लागूनच होता. देवघरातून वर जाणाऱ्याला त्या दारावरूनच जावं लागे.

शिवाजीराव वर आपल्या खोलीत पंख्याखाली बसले होते. देखणा, तरणा गडी. कोपऱ्यात नवंकोरं खोगीर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं. पंखा चालताना करकर वाजत होता. त्यांनी पाहुण्यांना आदरानं बसवलं, आणि वहिनींचं फार वाईट वाटतं असं म्हणताना त्यांचे डोळेही ओलावले. मालोजीरावांना ते बरं वाटलं. या घरात कुणाला तरी वाईट वाटत होतं.

"दुपारी तुम्ही इथंच होता?"

"इथंच. खाली करंट नव्हता, इथं पंखा होता. उकाड्यात दुसरीकडे कोण बसेल?"

"डोळा लागला असेल."

"छे, जागा होतो. वर्तमानपत्र वाचत होतो. वाऱ्यानं पानं उडत होती, हातानं धरून बसावं लागलं. आणि या पंख्याच्या करकरीत आईच्या हाकाही लवकर ऐकू आल्या नाहीत, म्हणून खाली यायला वेळ झाला."

"पंखा मध्ये थांबला नाही?"

"नाही. थांबला असता तर समजलं नसतं का?"

मनोहरराव उठून खोलीच्या एका कोपऱ्याकडे गेले. तिथं जमिनीवर लाकडी कठडा घातला होता. शिवाजीराव पटकन म्हणाले, "तिथं पाय ठेवू नका, बरं का. खाली देवी आहे. आम्ही कुणी तिथं उभे राहत नाही." मनोहररावांनी पाय मागे घेतला, पण वाकून कठड्याच्या आत बघितलं. मग खोगिराकडे बोट करून विचारलं, हे कशाला?

"पुण्याकडच्या एका संस्थानिकाच्या पागेत बोलावणं आहे. घोडे तयार करायचं काम. आता बघू, आई काय म्हणते ते."

खाली येता येता मालोजीरावांचा धीर सुटला. उन्हं परसातल्या भिंतीवर चढली होती. दिवेलागण दूर नव्हती. हा मनुष्य तारा, पंखे आणि खोगिरं बघत हिंडणार, आणि आपली बहीण जन्मभर त्या खोलीत सडणार. ते पुन्हा बंद दारापाशी गेले आणि जे बोलायला नको होतं ते बोलून बसले.

"गिरिजे, तूर्त कबूल करून टाक. मी विहीणबाईंचे पाय धरतो. निदान लेक तरी जवळ राहील."

ती आतून शांतपणे म्हणाली, "दिवा चालू होता, अण्णा." एवढंच. मालोजीरावांना स्वतःची लाज वाटली.

"चालूच होता," मागून मनोहरराव म्हणाले. "चला, सगळ्यांना माजघरात बोलवा. शिवाजीरावांना म्हणावं, पंखा चालू ठेवूनच या."

सगळे जमले. मनोहररावांनी देवघरातला दिवा लावायला सांगितला, कोठीतलाही लावून घेतला. माजघरात उभं राहिलं की दोन्ही दिसत होते. जिन्यावरून पंख्याची करकर खाली येत होती.

"आमच्या घरी रंगाचं काम होतं," त्यांनी सुरुवात केली. "कापडावर डाग दिसला की वडील डागाकडे बघत नसत. वरून कुठून ओघळला ते बघत. इथं सगळे जण देवघरातल्या काळोखाकडे बघत बसले. काळोख आला कुठून, ते कुणी पाहिलं नाही. देवघर खालच्या मजल्यावर, म्हणून त्याचा दिवाही खालच्या फ्यूजवर, असं सगळ्यांनी धरलं. सत्यनारायणानंसुद्धा."

सत्यनारायण चपापला.

"पण विहीणबाईंना चुलीवरून आलेली वीज नको होती. खालच्या मजल्याच्या सगळ्या तारा स्वयंपाकघराकडूनच येतात. मग त्यांच्या यजमानांनी काय केलं असेल? देवघराची तार वरच्या खोलीतून, छताला भोक पाडून खाली सोडली. त्या कठड्याच्या आत तार जमिनीत शिरताना मी पाहिली आहे. म्हणजे देवीचा दिवा आणि वरचा पंखा एकाच फ्यूजवर. म्हणूनच पंखा आल्यापासून देवीचा दिवा जायला लागला. जुनी फ्यूजतार पंख्याचा भार सोसत नाही, जळते. तेव्हा पंखाही थांबतो. वरच्याला वाटतं करंटच गेला. दिवसाउजेडी खाली दुसरा दिवा कशाला लागलेला असतो, की कुणी ताडून पाहील?"

मालोजीरावांच्या डोक्यात आता कुठे उजेड पडू लागला. ते म्हणाले, "म्हणजे देवघर काळं झालं तेव्हा..."

"तेव्हा खालचा करंट चालू होता. गिरिजाबाईंच्या कोठीत दिवा होता. त्यांचं खरं बोलणंच त्यांच्या गळ्याचा फास झालं. आणि वर करंट नव्हता. सत्यनारायण, डावा फ्यूज काढ."

सत्यनारायण ओसरीकडे गेला. क्षणभरानं देवघर काळं झालं. कोठीतला दिवा तसाच होता. आणि जिन्यावरून येणारी करकर मंदावत मंदावत थांबली.

नर्मदाबाईंना नीट दिसत नव्हतं, पण पंखा थांबलेला त्यांना ऐकू आला होता. त्यांनी हळूहळू मान धाकट्या मुलाकडे वळवली.

"शिवाजीराव," मनोहरराव म्हणाले, "मी तुम्हाला झोपेची वाट मोकळी करून दिली होती. तुम्ही ती नाकारली. तुम्ही जागे होता, पानं उडत होती, पंखा मुळीच थांबला नाही. पंखा चालूच राहणार हे तुम्ही सकाळी वायरमनच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यावर बेतून बोललात. पंख्याखाली तुम्ही नव्हता. आज दिवे जाणार-येणार हे ठाऊक असल्यानं तुम्ही देवघराजवळच घुटमळत होता. आई बाहेर पडताच आत शिरलात, जिन्याकडे जाता जाता माळ वहिनींच्या ट्रंकेत टाकली आणि वर गेलात. माळ तुम्हाला नकोच होती, नाहीतर ती ट्रंकेत कशाला टाकाल? तुम्हाला वहिनी इथं अडकायला हव्या होत्या. एकानं राहायचं होतं ना."

शिवाजीरावांनी नाकारायचा प्रयत्न केला. पण आईनं फक्त त्यांचं नाव घेतलं, आणि ते तिथंच खाली बसले.

"मी काय करू?" ते म्हणाले. "मलाही जायचं होतं. मी विचारायच्या आत वहिनींनी विचारलं. या काळोखात म्हातारं व्हायचं का मी? वाटलं, वहिनी घरातच राहतील, एवढंच. त्यांना कुणी मारणार नव्हतं, पोलिसांत देणार नव्हतं."

नर्मदाबाई उठल्या. चाचपडत बोळातून गेल्या, कमरेची किल्ली काढली, पण अधू डोळ्यांना कुलपाचं भोक सापडेना. शेवटी मालोजीरावांनी कुलूप काढलं. गिरिजाबाईंनी दाराला कान लावून सगळं ऐकलं होतं. दार उघडताच पुष्पी धावली आणि आईच्या कुशीत शिरली.

"निघ," नर्मदाबाई मागोमाग आलेल्या मुलाकडे वळून म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता घराबाहेर हो. पुण्याला जा, नाही तर आणखी कुठं जा, तोंड दाखवू नको." मग त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले आणि त्यांचा आवाज एकदम फुटला. "गिरिजे, चुकले मी. तूच माझी लेक. आता मला तुझ्याशिवाय कोण आहे? तू नको जाऊ."

म्हातारीला तसं रडताना पाहून मालोजीरावांचंही काळीज पाघळलं. खरंच, आता कशी जाईल ही? थोडे दिवस राहा, असं सांगायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण मनोहरराव, जे कधी कुणाकडे धड बघत नसत, ते गिरिजाबाईंकडे टक लावून बघत होते. मालोजीरावांनी तोंड मिटलं.

गिरिजाबाईंनी लेकीला कडेवर घेतलं.

"आत्याबाई, भावोजींना घालवू नका."

शिवाजीरावांनी आशेनं वर पाहिलं.

"त्यांना घालवलंत तर ते पुण्याला जातील आणि मी इथं राहीन. त्यांना हवं होतं तेच होईल. दोघांपैकी एकानं राहायचं, हा तुमचाच शब्द. तो त्यांना लावा. तुमचं औषधपाणी, देवीचं सगळं, ते करतील. मी उद्याच्या गाडीनं जाते. तुम्ही हो म्हणावं असं वाटतं. नाही म्हणालात तरी जाईन."

नर्मदाबाईंनी डोळे पुसले, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि होकाराची मान हलवली.

रात्री या घरात राहायला गिरिजाबाई तयार नव्हत्या, म्हणून मालोजीरावांकडे जायला जटका, म्हणजे टांगा, मागवला. ओसरीवर उभे असताना मालोजीराव पुटपुटले, "मघाशी मी दाराशी म्हणालो ते..."

"ऐकलं मी," गिरिजाबाई म्हणाल्या. "उद्या स्टेशनवर तुम्हीच पोचवायला या, म्हणजे झालं."

ट्रंक शिवाजीरावांनी उचलून जटक्यात ठेवली. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. घोडा चालू लागला, वळणावरून दिसेनासा झाला, तरी ते रस्त्यावरच उभे होते. आतून आईनं हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली, आणि ते आत गेले.